सहा वाजताची दहा मिनिटं

प्रिय टिल्लू,

हे पत्र दुकानात फोडू नकोस. हातातला रंधा खाली ठेव, घरी जा, आणि तुझी बायको शेजारी बसलेली असताना वाच. मी जे सांगणार आहे त्याने तुला माझा राग येणार आहे, आणि राग आला की अकरा वर्षांपूर्वी तुझे पाय कुठे वळायचे ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. म्हणून एकटा वाचू नकोस, एवढं माझं ऐक. फोन करायचा सोडून ताईला हे पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर माझी जीभ फार सफाईने चालते रे. कागदावर निदान खोडलेलं दिसतं. हा तिसरा कागद आहे.

आधी घरचं सांगते, म्हणजे मला जरा धीर येईल. ह्यांचा गुडघा बराच सुधारला आहे. रोज चालायला जातात आणि आल्यावर किती पावलं झाली ते मला ऐकवतात, जणू मीच मोजायला सांगितली होती. हॉस्पिटलात आमच्या खोलीत नवीन यंत्र आलं. तू एकदा जुनं बघून म्हणाला होतास की हा तर प्रेशर कुकरचा थोरला भाऊ. तसाच हा, आणखी थोरला. ऑपरेशनची हत्यारं कापडात बांधून त्यात घालायची, वाफेवर निर्जंतुक करायची आणि मग वर पाठवायची, हेच माझं काम, तीस वर्षं. मुली मला पाठीमागे हेडमास्तर म्हणतात. मला ते आवडतं, हेही आजच कबूल करून टाकते.

तू दारू सोडलीस तेव्हाचे ते चार दिवस तुला आठवत असतील. माझ्या बाहेरच्या खोलीत गादीवर पडून होतास. कप दोन्ही हातांनी धरायचास आणि तरी अर्धा चहा सदऱ्यावर सांडायचा. पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा सुतार तू, तुझे ते हात बघवत नव्हते. पाचव्या दिवशी सकाळी उठून बसलास आणि म्हणालास, "ताई, रोज सकाळी सहाला दहा मिनिटं देवासमोर बसेन म्हणतो. पण एकट्याच्याने नाही व्हायचं. तू तुझ्या घरी बसलीस, तर मी माझ्या घरी बसेन." तुझं बोलणं पुरं व्हायच्या आत मी म्हणून मोकळी झाले, "एवढंच ना?" मग तू सुताराच्या शिस्तीने सगळं आखून दिलंस. सहाला तू फोनच्या दोन रिंग द्यायच्या, मी उलट दोन द्यायच्या, म्हणजे दोघंही बसलो. दहा मिनिटांनी एकेक रिंग, म्हणजे उठलो. बोलायचं नाही. तुझ्या डोक्यावर हात ठेवायला लावून माझ्याकडून शब्द घेतलास. लहानपणी चिंचा वाटून घेताना घ्यायचास, तसाच.

पहिले चार महिने मी खरंच बसले, टिल्लू. तेवढं तरी खरं आहे. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, खिडकीकडे तोंड करून. देवाशी काय बोलायचं ते मला कधी जमलं नाही. आधी तुझं नाव घ्यायचे, मग दळणाची आठवण यायची, मग पुन्हा तुझं नाव. पण शेवटची दोन-तीन मिनिटं कधीकधी खोलीत कोणीतरी येऊन बसल्यासारखं वाटायचं आणि त्या दिवशी कामावर मी कोणावर खेकसायचे नाही. मग माझी ड्यूटी सातची झाली. एकदा उशीर झाला आणि तुझी रिंग आली तेव्हा मी बसच्या रांगेत होते. मी उलट दोन रिंग दिल्या आणि मनाशी म्हटलं, बसमध्ये बसल्यावर करू प्रार्थना. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि मला डुलकी लागली. आभाळ काही कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशी रांगेत उभं राहूनच रिंग दिली, आणि त्या दिवशी तर नंतर करू असंही मनात आलं नाही.

त्यानंतर मी बसले नाही. एक दिवससुद्धा नाही. दहा वर्षं मी तुला खोट्या रिंग देत आले. तोंडात ब्रश धरून दिल्या, दूध उतू जाऊ नये म्हणून एक डोळा गॅसवर ठेवून दिल्या, आणि सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून हात बाहेर काढून दिल्या आणि पुन्हा कूस बदलली. दहा मिनिटांनी द्यायच्या रिंगसाठी मी गजर लावला होता. खोटं बोलायलासुद्धा वेळेवर उठायचे, बघ. एकदा हे म्हणाले, "काय गं, देवाला मिस्ड कॉल देतेस का?" आम्ही दोघंही खूप हसलो. ते हसणं आता आठवलं की अंगावर काटा येतो.

आणि तू? तू बसत होतास. मला कसं माहीत? एकदा मी तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हा पाहिलं. दुकानात फळीवर बसलेला, डोळे मिटलेले, हात मांडीवर, आणि ते हात स्थिर. त्या दिवशी मी तुझ्या घरी असल्यामुळे रिंग द्यावी लागली नाही, पण शेजारी येऊन बसावंही मला वाटलं नाही. मी तुझ्या बायकोबरोबर आत भाजी चिरत बसले. तिने मला सांगितलं, "ताई, तुम्ही तिकडे बसता म्हणून हे इकडे टिकले." मी छे छे म्हटलं, पण ते असं म्हटलं की तिला माझा विनयच वाटावा.

गेल्या वर्षीचा तो दिवस आठवतो? मला रजा होती, फोन सायलेंटवर राहिला होता आणि मी साडेआठपर्यंत घोरत पडले होते. पावणेदहाला तू दारात. दोन बस बदलून आलेला, तीन मजले पळत चढलेला, केसांत भुसा. मी मेले की काय असं तुला वाटलं होतं. मला पेपर वाचताना बघून तू चौकटीला टेकून हसत सुटलास. मग पाणी प्यायच्या आधी विचारलंस, "बसली होतीस ना?" मी म्हटलं, "हो रे, फोनच वाजला नाही." तू म्हणालास, "मग ठीक. मला वाटलं, आज एकटाच बसलो की काय." टिल्लू, त्या क्षणी मी खरं सांगू शकले असते. दार उघडं होतं, घरात दुसरं कोणी नव्हतं. मी तुला चहा टाकू का म्हणून विचारलं. तू माझ्या कपाटाचं कुरकुरणारं दार दुरुस्त केलंस आणि जेवून गेलास. तू गेल्यावर मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

आता दीड महिन्यापूर्वीचं सांगते. आमच्याकडे प्रत्येक गाठोड्याला एक चिकटपट्टी लावतात. पुरेशी वाफ मिळाली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. रेघा असल्या तरच गाठोडं वर जातं. कोण म्हणतंय मी केलं, कोण म्हणतंय मी बघितलं, असल्या बोलण्याला आमच्या खोलीत किंमत नाही, हे मीच प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी बजावते. त्या दिवशी यंत्रं भरलेली होती, वरून डॉक्टर ओरडत होते, आणि एका मुलीने जुन्या गाठोड्यावरची काळ्या रेघांची पट्टी सोलून न वाफवलेल्या गाठोड्याला चिकटवली. पट्टीची कड नीट बसली नव्हती म्हणून माझ्या लक्षात आलं. गाठोडं वर गेलं नाही, कोणाला काही झालं नाही. ती रडत म्हणाली, "मॅडम, एकदाच केलं हो." मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "एकदाच केलंस की रोज करतेस, ते आम्हाला कसं कळणार?" मी लेखी तक्रार केली. तिला काढून टाकलं. तक्रार करायलाच हवी होती, आजही करेन. पण सही करताना घड्याळाचा सहावर गेलेला काटा मला दिसला, संध्याकाळचे सहा, आणि पेन हातातच राहिलं. मी तिला जे विचारलं होतं ते मला कोणी विचारलं असतं, तर मला एकदाच असं म्हणायचीही सोय नव्हती. रडायची तर नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी तुझी रिंग आली आणि मी खरोखर स्टुलावर जाऊन बसले. दहा वर्षांनी. टिल्लूला सांभाळ, असं म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द निघेना. मी एकदाही न मागता त्याने तुला सांभाळलं होतंच की. इतकी वर्षं माझ्या जागी रोज सकाळी कोणीतरी तुझ्याजवळ बसत होतं, माझी गैरहजेरी भरून काढत होतं, आणि हजेरी मात्र माझी लागत होती. मी एवढंच म्हटलं, "मी खोटं बोलले." दहा मिनिटं तेच. देवासमोर मान वर करायची माझी हिंमत झाली नाही, पण आजवर मी त्याच्याशी जे काही बोलले त्यातलं हे पहिलं खरं वाक्य होतं असं वाटलं. उठताना हलकं वगैरे काही वाटलं नाही, सांगून ठेवते. लाजच वाटत होती. फक्त त्या लाजेत मी एकटी नव्हते.

तेव्हापासून बसते आहे. तीनदा चुकलं. त्या तिन्ही दिवशी मी रिंग दिली नाही, मेसेज केला: आज बसले नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा मी तुला खरं कळवलं, आणि तू उलट विचारलंस, "तब्येत बरी आहे ना?" मला हसावं की रडावं ते कळेना. माझ्या खोट्यावर तुझा इतका विश्वास बसलाय की खरं सांगितलं तर तुला मी आजारी वाटते.

हे मी आणखी लांबवलं असतं. मी स्वतःला ओळखते. पुढच्या महिन्यात सांगू, समोर आला की सांगू, आता बसतेच आहे तर मागचं उकरायचं कशाला, असली सगळी कारणं तयार होती. पण रविवारी तुझा फोन आला. तुमच्या दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीत एक ट्रक ड्रायव्हर नवीन आलाय, घरी कोणी नाही, सहावा दिवस आहे, हात थरथरतात, आणि तू त्याला माझा नंबर दिलास. म्हणालास, "त्याला सांगितलंय, माझ्या ताईने अकरा वर्षांत एक दिवस चुकवला नाही." काल सकाळी सहाला तुझ्या दोन रिंग आल्या आणि त्यांच्यामागून एका अनोळखी नंबरवरून दोन. दुसरी रिंग जरा अडखळत आली, की मलाच तसं वाटलं. मी त्यालाही उलट रिंग दिली, कारण मी खरंच बसले होते, आणि दहाही मिनिटं त्याच्याच हातांसाठी मागणं मागितलं. पण टिल्लू, तो माणूस तुझ्या शब्दावर बसलाय आणि तू माझ्या. खाली काय आहे ते तुला माहीत नसताना त्याच्यावर तिसऱ्याचा जीव ठेवायला मी तयार नाही. म्हणून हे पत्र. माझ्यावर राग काढ, ये आणि माझ्या दारात उभा राहून ओरड, वर्षभर बोलू नकोस, पण दुसरीकडे कुठे जाऊ नकोस. त्या ड्रायव्हरला माझ्याबद्दल काय सांगायचं, त्याला दुसरं कोणी शोधून द्यायचं का, ते तू ठरव. मी उद्या सहाला बसणार आहे, तुझी रिंग आली नाही तरी बसणार आहे. पण मी बसले की नाही, हे तुला कळायला माझ्या शब्दाशिवाय दुसरा काही मार्ग नाही, आणि त्या शब्दाचं मी काय करून ठेवलंय ते तू आत्ताच वाचलंस.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
ताई