आठ नंबरची लाइन

शुगर लँड, टेक्सास, ऑगस्ट १९८६

प्रिय प्रसन्न,

अर्विंगला मित्राकडे पोचलास हे तुझ्या आईकडून, कांचनताईकडून कळलं. माझा फोन तू घेत नाहीस, म्हणून हे पत्र. बरोबरच आहे, तुझ्या जागी मी असतो तर असल्या मामाचं तोंडही पाहिलं नसतं.

झिंक चढवलेला बोल्ट अमर, असं इथं प्लँटवर सगळे समजतात. मी नाही समजत. गरम पाइपवरच्या इन्सुलेशनमध्ये पाणी शिरलं की झिंकची पांढरी भुकटी होते, मग गंज लोखंड खायला लागतो. म्हणून वरच्या पत्र्याचे सांधे नीट सील करा, बोल्टांना रंग द्या, वर्षातून एकदा उघडून बघा, असं मी कानीकपाळी ओरडत आलो. चार नंबरच्या लाइनवर तर माझा पहिल्यापासून संशय. वरून पत्रा चकचकीत, आणि खालून थेंब! म्हणून ती उघडून द्यायची चिठ्ठी फोरमनला लिहिली आणि तपासायला तुला पाठवलं.

आणि तुझा रिपोर्ट काय, तर बोल्ट उत्तम. तीन आठवड्यांत चार नंबरचे बोल्ट तुटले, वाफ सुटली. नशीब, जवळ कोणी नव्हतं. तू म्हणालास, फोरमनने आठ नंबर उघडली, तीच मी तपासली. आठ? मी आठ म्हणालोच नव्हतो! म्हटलं, पोरगं थापा मारतंय. उन्हात शिडी चढायचा कंटाळा, त्यात महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाच्या तालमी. नजरही चुकवत होतास. फोरमनला सामील करून घेतलंस, असंही मनात आलं. भाच्याला पाठीशी घालतो असं कोणी म्हणू नये, म्हणून चौकशीत मीच पुढे होऊन सांगितलं की यानं लाइन उघडलीच नाही. तुझी नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर व्हिसा.

आज फोरमनने माझी चिठ्ठी माझ्याच टेबलावर आपटली. इंग्रजीत 'लाइन', आणि पुढे घाईत काढलेला मराठी ४. त्या बिचाऱ्या टेक्सनने तो इंग्रजी आठच वाचला. अठरा वर्षं इथं काढली रे, पण आकडे मनात अजून मराठीतच येतात. लाज वाटते. उद्या सकाळी ती चिठ्ठी घेऊन मॅनेजरकडे जातोय. तुला परत घेतील की नाही, माहीत नाही. माझी खुर्ची बहुधा जाईल. जाऊ दे. पुढच्या शुक्रवारचं मुंबईचं तिकीट मात्र कॅन्सल कर. लबाड तू नव्हतास, हे ताईलाही अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगतोय.

तुझाच,
दिगंबरमामा