मागच्या भिंतीचा गिलावा

४ मार्च, सोमवार

आलो एकदाचा स्वतःच्या घरात! अकरा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर 'स्वतःच्या' हा शब्द लिहितानासुद्धा छाती दोन बोटं फुगते. घर जुनं आहे, साठ-सत्तर वर्षांचं तरी. बैठं, चार खोल्यांचं, पुढे छोटा ओटा आणि मागे मोकळी जागा. आतून ठाकठीक आहे, बाहेरून मात्र नुसता अवतार. रंगाचे पोपडे सुटलेत, खिडक्यांच्या चौकटी उन्हानं भाजल्यात आणि पत्र्याची पन्हळ एका बाजूनं लोंबतेय.

बाहेरचं सगळं काम मी स्वतः करणार. ऑफिसातून तीन आठवड्यांची रजा काढलीय. बायको आणि सहा वर्षांची भिंगरी तोवर माहेरी. भिंगरी हे काही पोरीचं खरं नाव नव्हे, पण ती घटकाभर एका जागी बसली तर आम्ही खरं नाव वापरू. ज्या माणसाला एक खिळा ठोकायला अर्धा रविवार लागतो त्यानं घर दुरुस्त करायच्या गोष्टी करू नयेत, असं बायकोचं मत आहे. मेहुणा म्हणाला, भाऊजी, आधी शिडीवर चढून तर दाखवा. दाखवतोच. तेवीस तारखेला दोघी फाटकात येतील तेव्हा त्यांनी आधी घराकडे बघावं आणि मग माझ्याकडे, एवढंच मला हवंय.

७ मार्च, गुरुवार

पुढची भिंत घासून झाली. दोन्ही तळहातांना फोड आलेत आणि नाकातून लाल माती निघतेय, पण मजा येतेय. चौकटींवरचा रंग खरवडताना खाली हिरवा निघाला, त्याखाली पिवळा, त्याखाली पुन्हा हिरवा. आधीच्या लोकांनी खरवडायचे कष्ट कधी घेतलेच नाहीत, नुसता रंगावर रंग चढवत गेले.

शेजारी एक म्हातारे गवंडी राहतात. आता काम करत नाहीत. कुंपणापाशी खुर्ची टाकून माझं काम बघत बसतात, आणि मी थापी उलटी धरली की खोकतात. आज त्यांनी एक युक्ती शिकवली. हातोडीच्या दांड्यानं भिंतीवर हलकेच ठोकत जायचं. आवाज कडक आला तर गिलावा विटेला धरून आहे, बद्द आला तर सुटलाय. बद्द जागेभोवती खडूनं गोल काढायचा आणि तेवढंच फोडायचं. संध्याकाळी फोनवर भिंगरीला हे सांगितलं, तर ती आजोळच्या सगळ्या भिंती ठोकत सुटली. आता सासूबाई माझ्या नावानं खडे फोडताहेत.

९ मार्च, शनिवार

आज मागची भिंत तपासली. हिची तऱ्हाच वेगळी. सगळा गिलावा चौकोनी ठिगळांचा, एकेक ठिगळ हातभर रुंद. पलीकडे भिंगरीची खोली आहे. ठोकत गेलो तर जिथे तिथे बद्द आवाज. दुपारपर्यंत खडू संपला.

शेजारच्या गवंडीकाकांना विचारलं. ही ठिगळं त्यांचीच निघाली. तीस वर्षं दर उन्हाळ्यात थोडी थोडी तेच दुरुस्त करत होते, आधीच्या मालकांसाठी. विटेचे दोन पदर आहेत म्हणे, मध्ये वीतभर पोकळी. त्या पोकळीत काय आहे ते त्यांनीही कधी पाहिलं नाही. त्यांच्या गुरूनं घालून दिलेली पद्धत अशी, की सकाळी जेवढं फोडायचं तेवढं दिवस मावळायच्या आत भरायचं.

"भिंत उघडी टाकून झोपू नका, साहेब," ते म्हणाले. "रोज हातभरच घ्या."

मी मान डोलावली. रोज हातभर म्हणजे दीड महिना! रजा काय त्यांचे गुरू वाढवून देणार आहेत?

११ मार्च, सोमवार

दोन दिवसांत अख्खी भिंत सोलून काढली. खांदे निकामी झालेत, पण उघड्या विटा बघून जीव सुखावला. काकांनी सकाळी एकदा बघितलं आणि खुर्ची उचलून आत गेले. रुसले बहुधा. उद्या वाळू चाळून गिलाव्याला हात घालतो.

१२ मार्च, मंगळवार

एक विचित्र प्रकार झाला. गिलाव्याआधी विटा पक्क्या आहेत ना, म्हणून दांड्यानं ठोकत होतो. दोनदा ठोकलं की ऐकायचं, पुढे सरकायचं. खिडकीच्या खाली आलो तेव्हा मी ठोकायचं थांबलो तरी दोन ठोके ऐकू आले. प्रतिध्वनी असेल म्हणून तीनदा ठोकलं. क्षणभरानं तीन आले. घराला वळसा घालून भिंगरीच्या खोलीत जाऊन बघितलं. कोणी नव्हतं.

पोकळी आहे, आवाज घुमतच असणार. खिडकीखालच्या पट्ट्यावर गिलावा चढवून टाकला.

१३ मार्च, बुधवार

कालचा गिलावा पडलाय. ओला गिलावा घसरतो, हे माहीत आहे. पण हा एकाच तुकड्यात, भिंतीपासून दोन हात लांब पडला होता. उलटा करून बघितला. विटेकडच्या बाजूला विटांच्या रेघा उमटल्यात, आणि एका रेघेवर चार बोटांची टोकं. माझी नव्हेत. मी थापीनं आणि बाहेरून काम करतो. ही बोटं सांध्यातून, आतून आलेली आहेत.

तुकडा फोडून टाकला. मग वाटलं, ठेवायला हवा होता. मला भीती वाटतेय, आणि हे घरी कोणाला सांगायची सोय नाही. मेहुणा तर जन्मभर पुरवून पुरवून हसेल.

१५ मार्च, शुक्रवार

आठ दिवस आधीच दोघी दारात हजर! भिंगरीनं आजोळी उच्छाद मांडला म्हणून बायको घेऊन आली. फाटकात उभी राहून तिनं आधी घराकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. हसली. म्हणाली, तुम्ही केलंत हे? मी तेवीस तारखेसाठी राखून ठेवलेला आनंद आज भोगला आणि भिंतीबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नाही.

भिंगरीला म्हटलं, तुझ्या खोलीत ओल आहे, आमच्यात झोप. दिवसा तिथे खेळायला मात्र नाही म्हणता आलं नाही. काय कारण सांगणार होतो?

आज दोन पट्टे चढवले. दोन्ही पडले.

१७ मार्च, रविवार

भिंगरी दिवसभर त्या खोलीत. जमिनीवर पालथी पडून भिंतीवर ठोकते. मग ऐकते. पुन्हा ठोकते. मी दारातून बघत होतो. तिनं चार ठोके दिले, पलीकडून पाच आले. ती खुदकन हसली.

मी तिला उचलूनच बाहेर आणलं. कोणाशी खेळत होतीस, विचारलं. म्हणाली, आतल्या मुलीशी. तिला आधी बोलता येत नव्हतं, आता मी शिकवलं.

"तिला मी सगळं सांगितलं, बाबा. माझं नाव, तुमचं नाव, माझ्या बाहुलीचं नाव. तिला सगळं पाठ झालंय."

१८ मार्च, सोमवार

काकांचे पाय धरले. त्यांनी एकच विचारलं, पोरगी तिच्याशी बोलली का. हो म्हटल्यावर आत जाऊन आपली थापी घेऊन आले.

उद्या सकाळपासून दोघं मिळून अख्खी भिंत भरायची. आधी विटांचे सांधे, मग गिलावा. एका दिवसात. बायकोला शेवटी सांगितलं. ती हसली नाही. उद्या संध्याकाळच्या गाडीनं दोघी परत जातील. खोलीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

१९ मार्च. दुपार

शेवटचा पट्टा झाला. काकांचे हात थरथरतात, पण काय हात आहेत. गिलावा टिकलाय. ठोके बंद.

बायको जेवायला हाक मारतेय. भिंगरी ओ देत नाही —

घरात नाही. कुलूप तसंच आहे. किल्ली खिशात आहे, दोनदा बघितली. ओट्यावर नाही. काका आणि बायको गल्लीत शोधायला गेलेत. मला इथून हलू नका म्हणाले. काही झालं तरी भिंतीला हात लावू नका म्हणाले. हात गप्प बसावेत म्हणून लिहितोय. वही शिडीच्या फळीवर ठेवलीय.

भिंतीतून हाक आली.

"बाबा, इथे अंधार आहे."

तिचाच आवाज. तिचा, सर्दी झाल्यासारखा तो 'बा'. सांधे भरताना काकांनी सांगितलं होतं, ती पोरीच्या आवाजात हाक मारेल. विचारलं, बाहुलीचं नाव काय. बरोबर सांगितलं. पण ते तर तिनं भिंतीला सांगितलंय. सगळंच सांगितलंय. काय विचारू, जे फक्त माझ्या पोरीला —

रडतेय. श्वास लागल्यासारखी रडतेय. बाबा, वीट काढा म्हणतेय.

खोटी असली तर? आणि खरी असली तर? मीच थापी फिरवली. मीच सांधे बुजवले. सकाळपासून तिला कोणी कुठे बघितलं, मला आठवत नाही. काकांना पोर नाही, त्यांना काय —

एकच वीट. एका विटेनं काय होतंय.

काढली. डावा हात आत घातलाय. थंड आहे. भिंगरी, भिंगरी बेटा, मी इथे आहे —

बोट धरलं! इवलीशी बोटं, घट्ट, रस्ता ओलांडताना धरते तशी. देवा. सापडली. रडू येतंय, अक्षर नीट येत नाही. आता दुसरी वीट, मग —

फाटक वाजलं. बायको आली. ओरडून सांगतेय, काकांच्या पडवीत झोपली होती म्हणून. भिंगरी तिच्या खांद्यावर आहे. डोळे चोळतेय. माझ्याकडे बघतेय. दोन्ही हात आईच्या गळ्यात.

आतून ओढतेय. मनगटापर्यंत — कोपर —

बायकोला म्हटलं, तिला घेऊन जा, इकडे येऊ नको, तरी येतेय, भिंगरीला खाली सोडू नको, तिला बोलू देऊ न