शैलाच्या रोबोची खंडेनवमी

लालबाग, मुंबई

तीर्थस्वरूप रामचंद्रदादांच्या पायांवर धाकट्या लहूचं डोकं. वैनीचा खोकला आणि तुमचा गुडघा, यांतलं आधी काय बरं झालं ते कळवा. आम्ही इकडे ठीक. (मालन म्हणते, नुसतं ठीक लिहा, मजेत लिहिलं की तुम्हाला वाटतं आम्ही गावाला विसरलो.)

पत्र लिहायचं कारण असं, की गणपतीत तुम्ही फोनवर म्हणालात, "चेडू चलाक लागलां काय घेवन ये." आमची शैला शेजारीच होती, चाकाच्या खुर्चीत. तिनं ऐकलं, की पोरगी चालायला लागली म्हणजे आणायची. मागे एका वर्षी पोटमाळ्यावरून गौरीची भांडी काढताना ती पडली आणि कण्याला मार बसला, तेव्हापासून कमरेखालचं तिला काही कळत नाही. पण गावच्या घरासाठी जीव टाकते. पायऱ्यांवरून चौघांनी उचलून आत नेऊ म्हटलं की तोंड फिरवते, मी काय पालखी आहे का म्हणते. म्हणजे चालल्याशिवाय येणारी जत्राही हातची जाणार, असं दिसत होतं. तर दादा, छाती पुढे काढून लिहितो, तुमची शैला उभी राहिली आणि चालली.

आता कशी, ते ऐका. परळच्या एका सेंटरात रोबो आलाय. रोबो म्हणजे पिक्चरमधला डोळे मिचकावणारा नव्हे. (आमच्या मजल्यावरच्या गणपतला ते अजून पटलेलं नाही. तो डिझेल किती खातो विचारतो.) हा नुसता सांगाडा, माणसाच्या पायांना बाहेरून बांधायचा. पाठीवर बॅटरी, मांड्यांना पट्टे, हातात कुबड्या. अंग एका बाजूला झुकवलं की तो दुसरा पाय उचलून पुढे टाकतो. आधी शैलानं महिनोन्‌महिने दंडांची कसरत केली. आता तिच्याशी पंजा लढवायला गणपत येत नाही.

पहिल्यांदा उभं करायचा दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. आता तुम्हीच सांगा, त्या दिवशी यंत्राला हात जोडल्याशिवाय चालू करतात का? संपाच्या वर्षी गिरणीला टाळं होतं, कापड विणायच्या साच्यांना हळदकुंकू लागलं नाही, आणि ते साचे पुन्हा माझ्या हाताला लागले नाहीत. तो धसका माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणून पिशवीतून सगळं घेऊन गेलो. अंबिका मॅडम (तिथल्या फिजिओ, पुण्याकडच्या, बोलणं एकदम पुस्तकी) शैलाला पट्टे बांधून फाईल आणायला गेल्या, तेवढ्यात मी उरकून घेतलं. दोन्ही गुडघ्यांना झेंडूची माळ, जिथं जिथं दिवा दिसला तिथं हळदकुंकू. नारळ फरशीवर आपटणार, तोच मालननं मनगट धरलं. शैला म्हणत होती, बाबा नको, बाबा नको. पण पट्टे बांधलेले, पोरगी जाणार कुठे?

मॅडमनी बटण दाबलं. यंत्र एकदा कुरकुरलं, लाल दिवा लागला आणि जे ठणाणा करायला लागलं, की शेजारच्या खोलीतले पेशंट बघायला आले. माळेचा दोरा गुडघ्याच्या सांध्यात गुंडाळला होता. मॅडमनी विचारलं, हे कोणी केलं? मालननं क्षणाचाही विचार न करता माझ्याकडे बोट दाखवलं. (एवढ्या वर्षांचा संसार!) मग मॅडम चिमट्यानं दोरा काढत बसल्या, एकेक पाकळी, ओल्या कपड्यानं कुंकू. आज जमलं नाही तर पुढचा नंबर कधी येईल सांगता येत नाही, म्हणाल्या. शैला माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मला बाहेर काचेमागे उभं केलं.

आणि दादा, दिवा हिरवा झाला. शैला खुर्चीतून वर आली. वर येतच राहिली. माझी पोरगी एवढी उंच आहे हे मी विसरलोच होतो. बसलेलीच बघायची सवय झालेली. काचेवर नाक लावून मी लहान पोरासारखा रडलो, लाज वाटली नाही. आत मालन तिला वरून खालपर्यंत बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, तुझा ड्रेस आखूड झालाय." मग दोघी हसल्या आणि शैलानं पाऊल टाकलं. खोलीच्या त्या टोकाला जाऊन वळली, परत आली. भिंतीला टेकली नाही. सगळ्या चाळीत पेढे वाटले. तुमचे मीच खाल्ले, पोस्टानं टिकले नसते.

वैनीला नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुमचा लहू

ता. क. एक सांगायचं राहिलं. यंत्र सेंटरचं आहे, तिथंच राहतं. पायऱ्या त्याला चढता येत नाहीत. मॅडम पहिल्या दिवसापासून सांगतायत, की हा व्यायाम आहे, यानं हाडं आणि रक्त चांगलं राहतं, गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. मी ते मधे लिहिलं नाही, पत्राचा रंग गेला असता. तर गावी ती खुर्चीतूनच येणार. वडलांनी बांधलेल्या चिऱ्याच्या पायऱ्यांना धक्का लावू नका, पण बाजूनं सिमेंटचा उतार आणि दाराचा उंबरठा खुर्ची जाईल इतका खाली, एवढं जत्रेआधी बघाल का?

ता. क. दुसरा. काका, मी शैला. उभी राहिले ते खरं आहे, फार छान वाटलं. पण चालायला लागेपर्यंत थांबले, तर जत्रा दरवर्षी माझ्याशिवाय होईल. बाबांना मला घेऊन यायला सांगू नका. तुम्ही उतार करा, मी येते.