काठावरचा ढीग

४ ऑक्टोबर
आलो एकदाचे. टेम्पो फाटकातून आत येईना, म्हणून ह्यांनी अर्धं सामान हातानं वाहून आणलं आणि दर खेपेला मला ऐकवलं की बायकोपेक्षा बायकोची भांडी जड. खोल्या लहान आहेत, पण कोरड्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच तळं दिसतं, ज्याच्यासाठी मला इथं बोलावलंय.

तळ्याची दशा वाईट. वर दोऱ्यासारखं हिरवं शेवाळ, खाली पाणगवताची गच्च गादी. मधे कुठंतरी पाणी असावं, असा नुसता संशय येतो. मालकीणबाई वरच्या मजल्यावर एकट्याच राहतात. त्यांचे साहेब याच तळ्यात बुडाले आणि सापडलेच नाहीत, हे दूधवाल्यानं मी पातेलं पुढे करायच्या आत सांगून टाकलं. लोकांना दम निघत नाही.

बाईंची अट एकच. औषध टाकायचं नाही, आतल्या एकाही जिवाला धक्का लागता कामा नये. मी म्हटलं, अगदी माझ्या मनातलं बोललात.

७ ऑक्टोबर
कामाला लागलो. औषध मारलं की सगळं तण एकदम मरतं, कुजतं, पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं आणि मासे उलटे तरंगतात. त्यापेक्षा हात बरे. शेवाळ काठीवर लोकरीसारखं गुंडाळून काढायचं, पाणगवत दाताळ्यानं ओढायचं. तेही एका वेळी एकच कोपरा, बाकीचं जिवांना आसरा म्हणून तसंच ठेवायचं.

आणि काढलेला ढीग लगेच उचलायचा नाही. रात्रभर काठावर राहू द्यायचा. गोगलगायी, पाणकिडे, एखादं बेडकाचं पिल्लू, जे जिवंत असेल ते आपोआप पाण्यात परततं. मेलेलं मागे राहतं, त्याचं खत होतं.

मी हे ह्यांना समजावत होते आणि बाई वरच्या खिडकीतून ऐकत होत्या. मेलेलं नक्की मागे राहतं ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, नक्की. त्या हसल्या आणि खिडकी लावून घेतली.

१२ ऑक्टोबर
पेंढा जाळीत बांधून पाण्यात सोडला. तो हळूहळू कुजेल तसं शेवाळ नव्यानं धरणार नाही. ह्यांचे गुडघे दुखतात, तरी दिवसभर माझ्या मागेमागे. काय ती मदत. अगं चहा, अगं चष्मा, अगं हे बघ. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं नाव एकदाही तोंडातून काढलेलं नाही. धाकटी बहीण म्हणते, कागदोपत्री अगंच लाव. मला मात्र नावानं हाक आली तर मीच मागे वळून बघायची नाही.

पहिल्या कोपऱ्यात तळ दिसायला लागला. संध्याकाळी दोघं काठावर बसलो होतो. बरं वाटलं.

१६ ऑक्टोबर
दिवा लावून लिहायला बसले.

दाताळं मधल्या गाळात अडकलं. पाणी कमरेएवढंच, म्हणून हे सोडवायला उतरले. वाकले, आणि वरचं गवत मिटलं. बुडबुडा नाही, काही नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी आत शिरले, दाताळं हाताला लागलं, ते गवतात रुतवून ओढत राहिले. ओढत राहिले. शेवटी गवताच्या गुंडाळीत हे काठावर आले. ढिगात निपचित पडले होते. मग खोकले, आणि माझ्या जिवात जीव आला.

बाई जिना उतरून धावत आल्या. हातात साहेबांचे कोरडे कपडे होते. ह्यांच्या अंगावर ते मापानं शिवल्यासारखे बसले. ह्यांचं पोट पाहता मला नवलच वाटलं.

१७ ऑक्टोबर
चहा बिनसाखरेचा मागितला. मी म्हटलं, पाण्यात बुडून शहाणपण आलं. हसले नाहीत. मला म्हणाले, तुम्ही बसा.

तुम्ही.

डॉक्टर येऊन गेले. धक्का बसलाय म्हणाले, अंग गार आहे, पांघरूण घाला. दुपारभर बाई खुर्ची टाकून उशाशी बसून होत्या. हे गुडघे न धरता उठले.

१९ ऑक्टोबर
त्या दिवसाचा ढीग उचलायला गेले. ढिगापासून पाण्यापर्यंत गवत सपाट झालंय, माणूस सरपटत गेल्यासारखं. चिखलात बोटं उमटलीत. वाटेत ह्यांचा चष्मा पडलेला.

घरात हे चष्म्याशिवाय पेपर वाचत बसलेत.

जिवंत असेल ते पाण्यात—

नाही. मला झोप हवी.

२१ ऑक्टोबर
भरदुपारी भांडी घासत होते. तळ्यावरून हाक आली. अगं.

हे माझ्या मागेच खुर्चीवर बसले होते. तोंड मिटलेलं. मी वळून विचारलं, मला हाक कशी मारता हो तुम्ही?

त्यांनी माझं नाव घेतलं. आडनावासकट.

२२ ऑक्टोबर
वर गेले. बाईंना म्हटलं, माझा माणूस परत द्या. त्या शांतपणे म्हणाल्या, तुमचंच म्हणणं होतं ना, मेलेलं मागे राहतं? राहू द्या मग मागे. एवढी वर्षं वाट पाहिलीय मी. तुमच्यासारखं काम करणारं कुणी मिळत नव्हतं.

मीच ओढून काढलं. माझ्या हातांनी. आणि ह्यांना रात्रभर काठावर ठेवलं. हे शेजारी ढिगात होते, जिवंत, आणि मी घरात त्याला, बाईंच्या साहेबाला, पांघरूण घालत होते.

२३ ऑक्टोबर
दाताळं दडवलंय कुणीतरी. हातांनीच उपसते आहे. कोपरा बिपरा काही नाही, सगळं. बेडकांनो, माफ करा.

हाक येते. सकाळी जवळून आली. आता लांबून. दमल्यासारखी.

ही वही खिडकीत होती. १२ तारखेच्या पानावर अंगठ्याचा ओला हिरवा ठसा—

आता वही पदरात बांधून ठेवते.

२४ ऑक्टोबर, सकाळ
काठावर बसलेय. हातांची सालं निघालीत. गवत थोडंच उरलंय, मधलं.

मागून दारातून हाक. अगं.

तोच आवाज. तोच खोकला. मला रडूच आलं, उठलेसुद्धा. मग पुढचं ऐकलं. अगं चहा. अगं चष्मा. अगं हे बघ. पुन्हा तेच. मी वहीत लिहिलं त्याच क्रमानं. पुन्हा.

पाण्यातून नुसतं— अगं.

पायरी उतरतोय तो. बाई खिडकीत. अगं चहा—

गवत हललं. बोटं. अंगठी ह्यांचीच. हात पुरत नाही माझा, उतरावं लागेल. चष्मा घेतलाय बरोबर, त्याशिवाय ह्यांना दिसत नाही—

अगं चष्मा— अगदी पाठीशी—

मेलेलं काठावर राहतं. जिवंत असेल ते पाण्यात जातं. आणि मी तर अजून