आईच्या मशीनचा कोपरा

बाबा, ज्या दुपारी तुम्ही सबवूफरचा तो खर्ज घुमवणारा खोका तुमच्या खुर्चीत बसवला होता, त्या दुपारी मी पालघरला खरं तर तुम्हाला न्यायला आले होते. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. माझ्याकडची मागची खोली तुमच्यासाठी रंगवून घेतली होती, काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. तुम्ही दार उघडलंत ते हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन. तारापूरच्या प्लांटमधून निवृत्त झाल्यापासून हातांना काम नव्हतं, म्हणून हे होम थिएटर तुम्ही एकेक भाग जमवून उभं करत होता. खोका तेवढा बोईसरच्या सुताराने केलेला.

"बरी आलीस. माझे गुडघे वाकत नाहीत. तू रांग."

खोका ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा आणि आपण भिंतीकडेने रांगत ऐकायचं. जिथे खर्ज स्वच्छ लागतो, ती खोक्याची जागा. "कॉन्व्हेंटच्या कॉयरमध्ये गायलीस ना इतकी वर्षं? तो कान कधी वापरणार?" तुम्ही म्हणता. मी पदर खोचून टीव्हीमागून रांगत निघते, तेवढ्यात सातपाटीची मावशी मासळीची टोपली घेऊन दारात उभी राहते.

"अवो दादा, लेक म्हायेरी आली तं रांगाया लावली? नि खुर्चीवर ह्यो कोन पावना?"

"पाहुणाच आहे. त्याला जागा शोधतोय."

"तवर लेकीला च्या तरी पाजा! बोंबील ताजं हाय, नाय म्हनू नका."

खर्ज एकाच ठिकाणी नीट लागला, आईच्या शिलाई मशीनच्या कोपऱ्यात. मशीनखाली डोकं घालून मी म्हटलं, "इथे." आईने अर्धवट शिवलेली उशीची खोळ अजून सुईखालीच होती. मग तुम्ही खोका उचलून दाराजवळ ठेवलात. तिथे तो वाईट वाजत होता.

"मशीन आतल्या खोलीत ठेवू या ना, बाबा."

"नको. क्रॉसओव्हर खाली घेऊ."

खोक्यामागच्या त्या गोल बटणाने आवाजाची वाटणी होते. जाड आवाज खोक्याकडे, बाकीचे लहान स्पीकरकडे. वाटणी फार वर झाली, की खोका कुठे ठेवलाय ते कानाला कळतं. तुम्ही बटण हळूहळू खाली आणत होता आणि मी डोळे मिटून बोट दाखवत होते. दार. दार. अजूनही दारच. मग बोट कुठे दाखवावं तेच कळेना. खर्ज थोडा रोडावला होता, पण आता तो सगळ्या खोलीचा झाला होता.

"राहू दे आता ते मशीन तिथेच," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर मी जुळवलेलं काहीच बोलले नाही. विचारण्यासारखं काही उरलं नाही असं वाटलं. बोंबील तळले, जेवलो. रिक्षापर्यंत सोडायला आलात तेव्हा तुम्हीच विचारलंत, "तुझ्याकडे खोल्या पुरतात ना गं?" मी म्हटलं, "पुरतात की." रिक्षा निघाली.

आता मी तुमच्या तेव्हाच्या वयाची आहे, आणि एकटी. मुलगा रोज फोन करतो. गोळ्या, गुडघे, गॅसचा सिलिंडर, सगळ्याची चौकशी करतो. "माझ्याकडे येतेस का?" एवढंच विचारत नाही. आपली आई तिच्या घरात रमली आहे असं त्याला वाटत असणार, आणि मीही तसंच वाटू देते. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. त्याने विचारलं तर मी नकोच म्हणेन. पण त्याने विचारावं, बाबा.