एक सूत वाढीव

आबा,

आज देवपूजा खुर्चीवर बसूनच केली. गुडघे आता पाटावर बसू देत नाहीत. खुर्चीवर बसलं की देव्हाऱ्याची चौकट नेमकी डोळ्यांसमोर येते आणि मग ते विमान आठवतं. देवापुढे बसून विमान आठवावं हे काही बरं नाही, पण इतकी वर्षं झाली, मनाला तरी आता किती दामटायचं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी जपून ठेवलेल्या असतात, त्यांवरच लिहिते आहे. यासाठी नवा कागद काढवला नाही.

हिंगोलीच्या आपल्या घराची पडवी. आई गेलेली. तुम्ही, तुमची बहीण म्हणजे आमची आत्या, आणि मी. दादा लढाईवर. सुताराचं पोरगं म्हणून त्याला विमानदुरुस्तीत घेतलं होतं. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं सांगितलं की हरिकेन नावाच्या लढाऊ विमानाला पाठीमागच्या अंगाला लाकडाच्याच फासळ्या असतात, वरून नुसतं कापड ताणलेलं. तुम्ही हातातला रंधा खाली ठेवलात. "लाकूड हाय त्यात? पुन्हा सांग." आत्या चुलीपासून म्हणाली, "हरिकेन तर कंदिलाचं नाव हाय. कंदिलात बसून लढून राहिले का हे लोक?" तुम्ही हसला नाहीत. तसलंच लहान विमान घरी करायचं तुमच्या मनानं घेतलं होतं. दादानं एका मासिकातून कापलेली तीन चित्रं आणली होती, समोरून, बाजूनं, वरून, आणि शेजारी इंग्रजीत बारीक मापं. जाताना म्हणाला, "आबा, करायचं तर बराबर तसंच करा. पुढच्या खेपेला टेप लावून पाहीन. चुकलं तर तुमचा मापाचा गज मी घेऊन जाईन." "आन् बराबर निघालं तर?" "तर तुमाला विमानाचा मिस्त्री म्हणीन."

तुम्हाला गजावरचे तसू वाचता येत, अक्षर येत नव्हतं. म्हणून मापं माझ्याकडे आली. तसू म्हणजे इंचाहून थोडा जास्त. विमानाच्या एका फुटाला आपण अर्धा तसू धरला. चाळीस फुटांचे पंख, वीस तसूंचे. मी बोलायची, तुम्ही पेन्सिलीनं खूण करायचात. लाकूड पांगाऱ्याचं, हलकं. फासळ्या बांबूच्या कामट्यांच्या, काड्यापेटीच्या काडीएवढ्या. माझं जुनं मलमलचं पातळ फाडून ते चिंचोक्याच्या खळीनं वर चिकटवलं, आणि वाळल्यावर ते ढोलकीसारखं ताणलं गेलं. पंखांत आठ बंदुका, त्या शिवणाच्या सुया मोडून केल्या. आतली बसायची जागा, तिचा पट्टा, पायाखालची फळी, सगळं. जे झाकलं जाणार तेही तुम्ही घासून गुळगुळीत करत होतात. शेजारचे रंगारी चाचा खाकी आणि हिरवा रंग कालवून द्यायचे आणि दारातून ओरडायचे, "मिस्त्री, उड़ गया तो मेरे छप्पर पे नक्को उतारना!"

तुमची एक रीत होती. गाडीला नाही, खुर्चीला नाही, पण ज्यात जीव राहतो ते, म्हणजे पाळणा, दाराची चौकट, देव्हारा, ते पुऱ्या मापाचं करायचं नाही. प्रत्येक मापात एक सूत वाढीव घालायचं. सूत म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढं. पुरं माप म्हणजे संपलेलं, वाढीव म्हणजे अजून पुढं आहे, असं तुम्ही म्हणायचात. पहिल्याच फासळीला तुम्ही वाढीव घातलेलं मी पाहिलं. म्हटलं, "आबा, हे तर यंत्र हाय. याला काहून?"

"यात कोनाचं तरी लेकरू बसतं ना, माय? आन् आपलं लेकरू याच्याखाली उभं राहून काम करतं. मग याला पाळण्याचाच कायदा."

पण बोटभर लांबीच्या फासळीला सूतभर वाढ म्हणजे विमान फुगणार, बसायच्या जागेवरची आधीच कापलेली काच बसणार नाही, आणि दादा टेप घेऊन येणार. वर्गात माझं गणित कधी चुकलं नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक माप एक सूत कमी सांगू लागले. तुम्ही एक सूत घालायचात, माप बरोबर यायचं. काच टिचकीसरशी बसली तेव्हा तुम्ही हात जोडलेत. "वाढीव घालूनबी बराबर बसली. देवाची करणी." मला हसू आलं होतं. ते हसू मला अजून आठवतं.

दादा दुसऱ्या सुट्टीवर आलाच नाही. पूर्वेकडे कुठंतरी विमानतळावर बॉम्ब पडले. तार मीच वाचली. तुम्ही आढ्याला टांगलेलं विमान खाली उतरवलंत, धोतरात गुंडाळलंत आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणालात, "वाढीव तर घातलं होतं, माय." मी तुमच्यासमोर उभी होते. त्याच वेळी सांगता आलं असतं.

लग्नात तुम्ही मला हा देव्हारा दिलात. सासरी आल्यावर कोपऱ्यात बसतो का पाहायला मोजला. सोळा तसू. पुन्हा मोजला. नेमके सोळा, वाढीव काही नाही. तुमची रीत सुटली होती, आबा. खोटी पडली म्हणून सुटली होती, आणि ती खोटी पडलीच नव्हती, त्या विमानात ती नव्हतीच. माहेरी जाऊन हे सांगायचं म्हणजे ती मी काढली हे सांगायचं. पुढच्या वेळी सांगू, पुढच्या वेळी सांगू म्हणत राहिले. निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी तुम्हीही गेलात. मॅट्रिक झालेली बाई मी. पडवीतल्या सूतभर लाकडानं तिकडचा बॉम्ब टळत नाही, हे मला कळतं. देवापुढे बसलं की कळत नाही.

तुम्ही गेलात तेव्हापासून रोज पूजा झाली की चौकटीच्या कोपऱ्यात ज्वारीचा एक दाणा ठेवते. सून विचारते, "आत्याबाई, हा दाणा काहून?" मी म्हणते, चिमणीला. घरात चिमणी येत नाही हे तिलाही दिसतं, पण ती पुढं विचारत नाही. शहाणी आहे.

हे पत्र धाडणार कुठं, आणि पत्ता असता तरी धाडलं असतं असं वाटत नाही. विमान माझ्याकडेच आहे, माळ्यावर, तुमच्याच धोतरात. कापड दोन जागी फाटलंय, बंदुका गंजल्यात. दादाची टेप त्याच्या सामानातून आली होती, तीही तिथंच आहे. इतक्या वर्षांत एकदाही लावून पाहिली नाही, आबा. माप बरोबर निघेल, याची भीती वाटते.