दुसरं इंजिन बंद झालं

बाबा, तुम्ही ज्या कारखान्यात राबलात तिथंच मी इंजिनियर म्हणून लागले. तुमच्या वेळचे एकटे काका तेवढे इंजिनघरात उरले होते, तुमच्याच पाळीतले ऑपरेटर. गेल्या महिन्यात त्यांनाही घरी बसवलं.

विश्वकर्मा पूजेला घरच्यांना आत सोडायचे, तेव्हा लहानपणी मी गॅसवर वीज बनवणारी ती दोन इंजिनं पहिल्यांदा पाहिली. धुराच्या पाइपाला हात लावायला गेले तर तुम्ही ओरडलात, "हात जळते ना, पोरी!" मग घरी, खुर्सीपारच्या आपल्या अंगणात सायकल धुताना तुम्ही नळीच्या तोंडावर अंगठा दाबलात, पाणी थेट भिंतीवर गेलं. "टर्बोचं चाक धुरानं फिरते अन् इंजिनाले हवा देते. लोड कमी झाला का धूर ढिला, चाकबी ढिलं. तिथं असा अंगठा ठेवता आला पाह्यजे."

आता तो ठेवता येतो, बाबा. नव्या टर्बोत चाकाभोवती बारीक पाती असतात. धूर कमी पडला की ती वाट अरुंद करतात, वाढला की मोकळी. एका इंजिनाला मी तो बसवला. आमचा गॅस कोळशाचा, त्यातल्या डांबरानं पाती सारखी अडकायची. काका आणि मी ती काढून घासत बसायचो. शेवटी एका दुपारी लोड खाली आला, वर गेला, आणि इंजिन अडखळलं नाही. तेवढ्याच गॅसवर जास्त वीज. काका लहान मुलासारखे हसले.

मॅनेजरनं आकडे पाहिले आणि म्हणाला, "अब तो एक ही इंजन काफी है." दुसऱ्या इंजिनावर काकांची नोकरी होती; त्याचा व्हॉल्व्ह त्यांनाच बंद करायला लावला. इंजिन गार होईपर्यंत काका तिथंच उभे होते, मी मागे.

"कावून रडून राहिली? तुह्या बापानंबी हेच केलं असतं," ते म्हणाले.

केलं असतं का, बाबा? मला खरंच ठाऊक नाही.

गेल्या रविवारी मी मरोद्याला त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा पुढे ठेवला आणि आत निघून गेल्या, परत बाहेर आल्याच नाहीत. काका टीव्हीकडे बघत होते. आवाज बंद होता.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच लिहिता आलं. पुढच्या आठवड्यात अहिवाऱ्याकडच्या एका कारखान्यात हाच टर्बो बसवायला जायचं आहे. तिथंही दोन इंजिनं आहेत. मी नकार देऊ शकले असते. पण मला हे काम आवडतं, बाबा.